नमुना

"म्हणजे बाईंना मुलगी होती?"

संग्रहालयातून आलेल्या मुलीनं हे अगदी सहज विचारलं, या घराला गच्ची आहे का असं विचारावं तसं. तो दाराशी तिच्यासाठी पाणी घेऊन उभा होता. त्याआधी तिनं विचारलं होतं, आपण बाईंचे कोण, आणि त्यानं सांगितलं होतं, जावई. जावई आहे त्या अर्थी मुलगी असणार, एवढं तिच्या डोक्यात जुळलं आणि तिला आश्चर्य वाटलं. तिच्या मांडीवर बाईंवरची जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तकं होती. ती सगळी तिनं वाचली होती. बाईंनी कोणती किटली कोणत्या साली केली, त्यांच्या झिलईतला करडा रंग कुठल्या डोंगराच्या मातीतून आला, हे तिला तोंडपाठ होतं. बाईंना एकुलती एक मुलगी होती, ती साठी गाठायच्या आधीच याच घरातल्या मागच्या खोलीत वारली, आणि पाणी घेऊन उभा असलेला हा इसम तिचा नवरा, हे त्या पुस्तकांत कुठेच नव्हतं. "होती," तो म्हणाला. "अरे वा," मुलगी म्हणाली, आणि मग आपण काय बोलून बसलो ते लक्षात येऊन तिनं जीभ चावली.

ते दोन शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. पोरीवर रागावण्यात तसा अर्थ नव्हता, ती आपली नोकरी करत होती. बाईंच्या सगळ्या आयुष्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, घरातली भांडी न्यायची होती, आणि ती हातात पांढरे मोजे चढवून फडताळातली एकेक कपबशी श्वास रोखून उचलत होती. त्याच बश्यांत त्यानं कालपर्यंत बाईंच्या गोळ्या मोडल्या होत्या. ही जात त्याच्या ओळखीची होती. वर्षानुवर्षं ती माणसं या घरात येत होती, मुद्दाम चुरगळलेले महागडे कपडे घालून, खुर्चीच्या कडेवर टेकून, चहा संपायच्या आत कप उलटा करून बुडावरचं चिन्ह बघायची घाई झालेली. हटकून एकदा तरी विचारायची, बाई, तुमच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय. बाई म्हणायच्या, "मेले नाही अजून, एवढंच." मंडळी खूष. जाताना दाराबाहेर एकमेकांना सांगायची, काय विनोदबुद्धी आहे या वयात. तो नोकरीत असताना लिफ्ट तपासायचा, शहरातल्या निम्म्या इमारतींत त्याच्या सहीवर माणसं वर-खाली करत होती. लिफ्टचा दोर खूप वर्षं टिकला म्हणून त्याला कुणी हार घालत नाही, झटपट बदलून टाकतात. माणसाचं मात्र उलटं. नव्वदी ओलांडली की त्याची शिंकसुद्धा थोर होते.

आणि बाईंनी केलं तरी काय होतं? चहाचे कप. किटल्या, ताटल्या, कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत एकावर एक रचायचे पांढरे वाडगे, दवाखान्यातली भांडी. विशीत चिनीमातीच्या एका कारखान्यात लागल्या, निवृत्त झाल्या तरी जातच राहिल्या, आणि मालकाच्या तिसऱ्या पिढीला त्यांना नको म्हणायचं धाडस झालं नाही. कपाचा कान असा की जाड बोटांच्या माणसालाही चटका बसू नये, किटलीची चोच अशी की शेवटचा थेंब बाहेरून ओघळू नये. हे सगळीकडे छापून आलं होतं. बरं, नाही ओघळत थेंब. पुसायला फडकं असतं माणसाकडे. पण व्यासपीठांवरून लोक असं बोलायचे की जणू बाईंच्या आधी जग ओंजळीनं चहा पीत होतं. लग्न ठरवायला तो पहिल्यांदा या घरी आला तेव्हा बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नव्हतं. त्याच्या हाताकडे बघत होत्या. नोकरी विचारली नाही, घरदार विचारलं नाही, बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तुम्ही करंगळी कपाच्या बुडाखाली धरता." त्यानं घाबरून करंगळी काढून घेतली. "काढू नका. जड लागतो म्हणून धरता. चूक कपाची आहे." त्यांची मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर बसून काचेच्या ग्लासातून चहा पीत होती आणि त्याची फजिती बघून हसत होती. ती पोहायला शिकवायची. रुंद खांदे, केसांना तलावातल्या औषधाचा वास, बोलणं मोजकं. आईच्या कपातून तिनं जन्मात चहा घेतला नाही. लग्नानंतर त्यानं एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "काचेतून दिसतं तरी किती उरलाय ते." त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं होतं. त्याला तिची बहुतेक उत्तरं पुरेशी वाटायची.

मग तिचे हात जायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, मग गिळणं. स्नायूंना हुकूम पोचत नाही, असं काहीसं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या घराला लिफ्ट नव्हती, लिफ्ट-तपासनीसाच्या घराला लिफ्ट नव्हती यावर ती तेव्हाही हसली, आणि दोघं तळमजल्यावर बाईंकडे राहायला आली. तेव्हापासून त्याच्या मनात बाईंविषयी जे होतं त्याला आकार आला. तो बायकोला पाजायला बसायचा. मान मागे करायला लागायची, मान मागे गेली की ठसका लागायचा, अर्धा चहा हनुवटीवरून गळ्याशी. तो पुसायचा. आणि बाई पायथ्याशी खुर्ची टाकून बघत बसायच्या. कपाळावर हात फिरवणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. फक्त बघणं. मुलीच्या ओठांकडे, नाकाकडे, गळ्यातल्या हलणाऱ्या घाटीकडे. "आता डावीकडून घे. मान नको हलवूस. परत एकदा." मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक रेघ. परत एकदा. परत एक रेघ. एका दुपारी त्याला ते सहन झालं नाही. तो म्हणाला, "बाई, ती तुमची मुलगी आहे. नमुना नाही."

"मला माहीत आहे कोण आहे ती," बाई म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

त्यानं त्यांना दंडाला धरून खोलीबाहेर काढलं. नव्वदीला टेकलेली बाई, हातात चिमणीएवढी ताकद नाही, निमूट बाहेर गेली. त्यानंतर ती पाजायच्या वेळी आत आली नाही, दाराच्या फटीतून बघत असेल तर त्याला ठाऊक नाही. बायको गेली ती थंडी सरता सरता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून फरशीवर बसला होता, त्याला उठता येत नव्हतं, आणि बाहेरच्या खोलीत बाई बुटाचे बंद बांधत होत्या. वाकून, सावकाश, एका बुटाचे, मग दुसऱ्याचे. कारखान्याची गाडी दाराशी आली आणि त्या गेल्या. त्या दिवशी त्यानं ठरवलं की हे आपण कधी विसरायचं नाही. तो इथेच राहिला. लोकांना वाटलं केवढा सज्जन जावई, बायको गेल्यावरही सासूला सांभाळतोय. तो डोळ्यांत थेंब घालायचा, पाव भाजून द्यायचा, दिवे मालवायचा, आणि मनातल्या मनात त्या बुटांच्या बंदांना गाठी मारत बसायचा. तिरस्कार टिकवायला जवळ राहावं लागतं. वर्ष सरायच्या आत त्या रेघांतला कप बाजारात आला. दोन्ही बाजूंना कान, आणि एकीकडचा काठ खाली उतरलेला, म्हणजे पिणाऱ्याचं नाक आत मावतं आणि मान मागे न्यावी लागत नाही. दवाखान्यांनी तो पेट्यांनी घेतला. त्या कपाला मोठं बक्षीस मिळालं. बक्षिसाच्या कागदावर लिहिलं होतं की बाईंनी अमुक इतके रुग्ण बारकाईनं अभ्यासले.

तर आता हे प्रदर्शन. त्यानं संग्रहालयाच्या मुलीला फोन करून सांगितलं की उद्घाटनाला कुटुंबातर्फे मला दोन शब्द बोलायचे आहेत. ती हरखून गेली. घरगुती आठवणी लोकांना फार आवडतात, म्हणाली. तो म्हणाला, हो, घरगुतीच आहे. बाईंना त्यानं सांगितलं नाही. जाताना गाडीत त्या एकदाच बोलल्या, "नवीन सदरा दिसतोय." दिसतो कुठला, त्यांना आता कडा तेवढ्या दिसत. कापडाचा आवाज ऐकून म्हणाल्या असतील.

सभागृह गच्च भरलं होतं. काचेच्या पेट्यांत, वरून प्रकाश सोडून, कप एकेकटे उभे केले होते, पोलीस ठाण्यात ओळख परेडीला उभे केल्यासारखे. ज्या वाडग्यांतून हजारो कारकुनांनी घाईघाईनं दुपारचं जेवण उरकलं ते आता कुणी हात लावू नये म्हणून दोरीपलीकडे होते. कारखान्याचा नातू-मालक बोलला. त्यानं बाईंना 'आमच्या कुटुंबाचा आत्मा' म्हटलं, याच आत्म्याची खोली त्यानं मागल्या वर्षी गोदामाला दिली होती. मग एक कलासमीक्षक उठला, लांब मानेचा, आणि रिकामेपणावर बोलत राहिला. कपाचं सत्त्व त्याच्या मातीत नसून पोकळीत आहे. लोक माना डोलवत होते. बाई पहिल्या रांगेत हनुवटी छातीला टेकवून बसल्या होत्या, जाग्या की झोपेत कळत नव्हतं. त्या पाजण्याच्या कपाला वेगळी भिंतच दिली होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नव्वदीच्या उंबरठ्यावर बाईंनी वेदनेला दिलेलं उत्तर.' वेदनेला. म्हणजे वेदना कुठेतरी रस्त्यानं चालली होती आणि तिनं यांना पत्ता विचारला.

त्याचं नाव पुकारलं. तो ध्वनिवर्धकापाशी गेला, भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा कप जिच्याकडे बघून केला ती माझी बायको होती. बाईंची मुलगी. ती मरत होती आणि बाई समोर बसून तिच्या ओठांकडे बघून रेघा ओढत होत्या. मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बूट घालून कारखान्यात गेल्या. तुमच्या पुस्तकांत ती कुठे नाही. म्हणून सांगितलं."

सांगून झालं. एवढंसंच होतं ते. इतकी वर्षं मनात घोळवलेलं, आणि बोलायला लिफ्टला दोन मजले चढायला लागतात तेवढाही वेळ लागला नाही. सभागृह सुन्न झालं. त्याला वाटलं, पडला दगड नेमका. मग मागून कुणीतरी नाक ओढलं. समीक्षकानं चष्मा काढून डोळे टिपले. एका बाईनं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, आणि बघता बघता सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेचनात. संग्रहालयाची मुलगी गालांवरचं पाणी न पुसता त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्याच्याविषयी अपार माया होती. कुणीतरी त्याचे दोन्ही हात धरून म्हणालं, "केवढी आई. आणि केवढे तुम्ही." त्यानं हात सोडवून घेतले. त्यानं त्यांच्या तोंडावर थुंकायचं योजलं होतं आणि त्यांनी ते तीर्थ म्हणून घेतलं होतं. भिंतीकडे लोकांची रांग लागली. मघाशी कपापुढे क्षणभर रेंगाळून पुढे जाणारे आता त्याच्यापुढे थांबत होते, त्या उतरत्या काठाकडे बघून आतल्या आत कुणाचं तरी तोंड तिथे लावून बघत होते. त्याच्या बायकोचं तोंड.

परतताना गाडीत बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "झालं समाधान?"

त्यानं खिडकीची काच खाली केली.

"दहा वर्षांची असताना कारखान्यानं तिचा फोटो छापला होता. माझ्या कपातून दूध पिताना. शाळेत पोरं तिला 'कपबशी' म्हणायला लागली. कपबशी आली, कपबशी फुटली. घरी येऊन म्हणाली, आई, तुझ्या कामाच्या ठिकाणी माझ्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. कधीच नाही. मी बरं म्हटलं."

"दहा वर्षांच्या मुलीला."

"शब्द दिला की दिला. मोठेपणी एकदा विचारलं मी, अजून नको का? म्हणाली, अजून नको. पुस्तकवाले आले की मी सांगायचे, मूलबाळ नाही. ते तसंच लिहून न्यायचे. विचारतंय कोण पुढे?" त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. "कपाच्या वेळीही तेच. तिच्यामुळे झाला म्हटलं असतं तर लोकांनी कीव येऊन घेतला असता. कप चांगला असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ. तिचा काय संबंध?"

"मला कधी बोलली नाही ती हे."

"नसेल बोलली."

बाहेर दुकानांचे दिवे लागत होते. हीसुद्धा बाईंचीच शिस्त, तो मनात म्हणाला, याच्यातही शेवटी कपच मोठा. दहा वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द पाळायला काय लागतं, गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसणं बाईंना जन्मजात येतं. त्यानं आपला तिरस्कार चाचपून बघितला. होता जागेवर. फक्त त्याला टेकायला जी भिंत होती ती जरा सरकल्यासारखी वाटली. त्यानं विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःचाच राग आला, "दुसऱ्या दिवशी कशाला गेला होता?"

"घरात काय करणार होते? रडायला तुम्ही होतात." बाईंनी हे चिडून म्हटलं नाही. "मला रडता येत नाही, मला ते एकच काम येतं. तुम्हाला काम सुचत नव्हतं, रडता येत होतं. वाटून घेतलं आपण. त्यात एवढं भाषण करण्यासारखं काय होतं?"

सकाळी फोन आला. संग्रहालयाची मुलगी. रात्रभर झोप आली नाही म्हणाली, आणि तिच्या आवाजात त्या न झोपण्याचा अभिमान होता. संचालकांनी ठरवलं होतं की कपाच्या भिंतीवर आता मुलीचा फोटो लावायचा. शेवटच्या दिवसांतला असला तर उत्तम, अंथरुणावरचा, आई पायथ्याशी असलेला असला तर प्रश्नच मिटला. वर्तमानपत्रवालेही विचारत होते. भिंतीवरचा नवा मजकूर तिनं स्वतः लिहिला होता, तिनं तो वाचून दाखवला. त्यात 'माता' हा शब्द बऱ्याचदा होता, आणि शेवटी होतं, 'एका थरथरत्या घोटातून जन्मलेला आकार.' तो ऐकत होता. समोर जेवणाच्या टेबलाशी बाई पावाच्या तुकड्याला लोणी लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण सुरी थांबली होती. त्याला वाटलं त्या काहीतरी खूण करतील. त्या म्हणाल्या, "तुमची बायको. तुमचं तुम्ही बघा."

"फोटो नाही," तो फोनमध्ये म्हणाला.

मुलगी म्हणाली, तुमचं दुःख मी समजू शकते.

"दुःखाचा प्रश्न नाही. मी काल बोललो ते खरं नव्हतं."

तो बोलत गेला. मुलगी होती, पण तिला भलताच आजार होता, पोटाचा. इस्पितळात गेली, इथे नाहीच. कपाशी तिचा काडीचा संबंध नाही, कप त्यानंतर झाला. मी रचून सांगितलं. सगळे बाईंविषयी इतकं बोलत होते, मला कुणी विचारत नव्हतं, म्हणून. बोलताना त्याला स्वतःच्या खोटेपणाची शिसारी येत होती आणि एकीकडे ते किती सोपं जातंय याचं नवलही वाटत होतं. शेवटचं वाक्य तर खोटं म्हणताही आलं नसतं.

"म्हणजे तुम्ही बनवून सांगितलंत?" मुलीचा आवाज हळूहळू गोठला. कालची माया त्यातून निथळून गेली. "भरलेल्या सभागृहात? बाई समोर बसलेल्या असताना? माणसं रडली हो तिथे."

"हो. रडली."

"या वयात तुम्हाला असं करावंसं तरी कसं वाटलं? त्या बाईंच्या घरात राहता तुम्ही. त्यांचं खाता." तिनं आणखीही बरंच ऐकवलं. तिला ते शोभत होतं, तरुण होती, काल रात्री मनापासून रडली होती. हीच पोर आता संचालकांना सांगेल, संचालक नातू-मालकाला, आणि आठवडा संपायच्या आत बाईंच्या सगळ्या भक्तमंडळींत होईल की तो जावई म्हणजे एक नमुना आहे, प्रसिद्धीला हपापलेला. तो फोन कानाला धरून उभा राहिला. तिच्या प्रत्येक वाक्यासरशी ती भिंत पुन्हा कोरी होत होती. तिनं फोन आपटला तेव्हा त्यानं तो हलकेच खाली ठेवला.

बाईंनी पावाचा घास घेतला, नीट चावला, गिळला. मग म्हणाल्या, "खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो."

"होत असेल."

"तिचाही व्हायचा. लहानपणापासून. तलावावर एवढी ओरडायची, पण खोटं बोलायला लागली की एकदम पिल्लासारखा आवाज. तुम्हाला माहीत असेलच."

त्याला माहीत नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा आवाज बारीक केव्हा केव्हा झाला होता, हे तो आठवून बघू लागला, आणि आठवायला नको असतानाही एक दुपार आपोआप वर आली. त्यानं बाईंना दंडाला धरून बाहेर काढलं होतं, दार लावून घेतलं होतं, आणि तो धापा टाकत तिच्या उशाशी येऊन बसला होता. तिनं उशीवरच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं. तेव्हा तो आवाज आजारामुळे तसा येतोय असं त्याला वाटलं होतं.

"बरं केलंस," ती म्हणाली होती, अगदी बारीक आवाजात. "मला आई नकोच होती इथे."